हाताला आधी कळतं : चाकाशिवाय, आराखड्याशिवाय मातीची शिल्पं घडवायला बसताना

मातीकाम म्हटलं की डोळ्यांसमोर चाक येतं. मीही चाक शिकायलाच गेले होते. वर्ग संपल्यावर बाकीच्यांचं आवरेपर्यंत उरलेला मातीचा गोळा हातात घेऊन बसायचे, आणि अशाच एका संध्याकाळी त्या गोळ्यातून गुडघे पोटाशी घेऊन बसलेली एक बाई निघाली. ती मी ठरवली नव्हती. अंगठा एका जागी जरा जास्त दाबला गेला, तिथे पाठीचा बाक दिसला, आणि पुढचं हात करत गेले. त्याला सहा वर्षं झाली. चाकावर मी आता क्वचित बसते.

आराखडा न काढता, हाताला सुचेल तसं घडवायचं म्हणजे मनाला येईल ते करायचं, असा समज असतो. प्रत्यक्षात मनात काय येतंय यापेक्षा बोटांखाली काय होतंय इकडे लक्ष ठेवावं लागतं. माती दर पंधरा मिनिटांनी वेगळी असते. आत्ता वाकते, थोड्या वेळाने वाकणार नाही, उद्या फक्त कोरता येईल. म्हणून आकार मोकळा सोडायचा. ओलावा, जाडी आणि वाळण्याचा वेग मात्र हातातून सोडायचा नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पहिल्या वर्षातली निम्मी कामं वाचली असती. ते सगळं इथे क्रमाने लिहिते आहे.

१. माती : शाडूवर थांबू नका

महाराष्ट्रात मूर्ती म्हटलं की हात शाडूकडे जातो. गणपतीच्या दिवसांत ती सहज मिळते, मऊ असते, बारीक तपशील छान घेते. सरावासाठी जरूर घ्या. पण शाडू ही न भाजता वाळवून रंगवण्यासाठी वापरली जाते आणि पाण्यात विरघळते, म्हणून तर ती गणपतीला योग्य. शिल्प टिकावं असं वाटत असेल तर भाजण्यासाठी तयार केलेली माती घ्या.

दोन प्रकार लक्षात ठेवा. टेराकोटा म्हणजे लाल माती, साधारण १००० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात. भाजल्यावरही थोडी सच्छिद्र राहते. स्टोनवेअर १२०० ते १२८० अंशांना भाजतात, ती दगडासारखी घट्ट होते. सुरुवातीला दोन्हींपैकी कुठलीही चालेल, पण तीत ग्रॉग असलाच पाहिजे. ग्रॉग म्हणजे आधीच भाजलेल्या मातीची भरड. भरड असली की वाफेला बाहेर पडायला वाट मिळते, माती कमी आकसते आणि उभी राहते. मातीच्या पिशवीवर ‘स्कल्प्चर बॉडी’ लिहिलेलं असेल तर ग्रॉग आहे असं समजा. हाताला किंचित खरखरीत लागते, त्याची सवय होते.

आपल्याकडे ही युक्ती फार जुनी आहे. राजस्थानात नाथद्वाऱ्याजवळ मोलेला गावात देवदेवतांच्या पोकळ उठावाच्या पाट्या करतात, तिथे मातीत गाढवाची लीद मिसळतात. लीद भट्टीत जळून जाते आणि मातीत बारीक छिद्रं राहतात. काम तेच.

पहिल्यांदा दहा किलो घ्या. दोन किलो घेतलीत तर प्रत्येक गोळा जपून वापराल, आणि जपून वापरलेल्या मातीतून काही निघत नाही.

२. सामान

बहुतेक घरातच आहे :

- माती कापायला तार. गिटारची जुनी तार किंवा मासेमारीची नायलॉन दोरी, दोन टोकांना दोन बटणं बांधून.
- लाटणं, आणि ८ ते १० मिलिमीटर जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या.
- जुनं धोतर किंवा जाड सुती कापड. ओट्यावर थेट माती ठेवली तर चिकटते.
- एक स्टीलचा चमचा, एक काटा, जाड सुई, तुटक्या कंगव्याचा तुकडा.
- कोरायला तारेचं लूप. हे विकत घ्या. माती पोकळ करताना याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.
- स्पंज, पाण्याचा फवारा, मऊ प्लास्टिकच्या पातळ पिशव्या. पिशव्या भरपूर ठेवा.
- केक सजवायचा फिरता पाट. याच्याशिवाय काम होतं, पण शिल्प सगळीकडून बघायची सवय लागत नाही.
- दोन बादल्या : एक हात धुवायला, एक उरलेल्या मातीला.

हात कधीही बेसिनमध्ये धुऊ नका. माती पाइपात बसते आणि प्लंबरलाही सहज निघत नाही. बादलीत धुवा, रात्रभर बसू द्या, वरचं पाणी झाडांना घाला, खालची माती परत वापरा.

एक सूचना तब्येतीची. सुक्या मातीच्या धुळीत बारीक सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षं छातीत गेली तर फुप्फुसांना कायमची इजा होते. म्हणून वाळलेलं काम सॅंडपेपरने घासू नका, जमीन झाडू नका; ओल्या फडक्यानेच पुसा. घरात लहान मुलं असतील तर हा नियम अजिबात सैल करू नका.

३. मळणं

कणीक मळता येत असेल तर निम्मं येतंच. फरक एवढाच की कणकेसारखी घडी घालून मळायचं नाही, कारण घडीत हवा अडकते. पुढे ढकलायचं, थोडं फिरवायचं, परत पुढे. पन्नास-साठ वेळा. तारेने मधून कापून बघा : कापलेल्या जागी भोकं दिसली तर अजून मळा.

माती बोटांना चिकटत असेल तर ती फार ओली आहे. धोतराच्या घडीवर अर्धा तास पसरून ठेवा. वाकवल्यावर कडेला भेगा पडत असतील तर कोरडी आहे. अंगठ्याने खळगे करून त्यात पाणी घाला आणि पिशवीत बांधून रात्रभर ठेवा.

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्याजवळ किंवा पाट्यावर काम करत असाल तर त्याचा कण मातीत जाऊ देऊ नका. भट्टीतून शिल्प छान बाहेर येतं, आणि काही दिवसांनी तो कण हवेतली ओल शोषून फुगतो, पृष्ठभागाची खपली उडवतो. मातीतल्या चुनखडीच्या खड्यांचंही तसंच.

४. पारी, वळी, पोळी

हाताने घडवण्याच्या तीन रीती आहेत आणि तिन्ही मराठी स्वयंपाकघरात रोज चालतात.

पारी : मोदकाची पारी करतो तशी. गोळ्यात अंगठा घालायचा आणि फिरवत फिरवत भिंत पातळ करायची. मोदकाला पारी जितकी पातळ तितकी चांगली, इथे मात्र एक सेंटिमीटरच्या आसपास थांबायचं.

वळी : करंगळीएवढ्या जाड वळ्या करून एकावर एक चढवायच्या. प्रत्येक वळी आतून खालच्या वळीवर अंगठ्याने ओढून सांधायची. बाहेरून नुसती गुळगुळीत करून आतून सोडलीत तर वाळताना चकलीसारखी सुटते. तमिळनाडूतले अय्यनार या ग्रामदेवाचे मोठाले मातीचे घोडे बघितलेत तर या रीतीत किती उंच जाता येतं ते कळेल. माणसाहून उंच असतात आणि आतून पोकळ.

पोळी : दोन पट्ट्यांमध्ये माती ठेवून लाटायची. पट्ट्यांमुळे जाडी सगळीकडे सारखी येते. लाटल्यावर लगेच उभी करू नका, कोसळते. तास-दोन तास थांबा.

पहिल्या आठवड्यात तिन्ही रीतींनी प्रत्येकी तीन-चार लहान आकार करा आणि सगळे मोडून बादलीत टाका. मोडायचं आधीच ठरलेलं असलं की हात सैल होतो.

५. न ठरवता घडवायचं कसं

बसा, हाताच्या पंजात मावेल एवढा गोळा घ्या आणि डोळे मिटा. दहा मिनिटं. गोळा नुसता दाबा, फिरवा, ओढा. काय करतोय हे बघायचं नाही आणि विचारायचंही नाही. बोटं कुठे परत परत जातात तेवढं लक्षात ठेवा. माझी बोटं नेहमी कडेकडे जातात, एका मैत्रिणीची कायम मधोमध खळगा करतात. दोघींची शिल्पं दुरूनही ओळखू येतात.

मग डोळे उघडा, आणि हात मागे घ्या. गोळा पाटावर ठेवून हळूहळू फिरवा. आडवा ठेवा. उलटा करा. बहुतेक वेळा जी बाजू तुम्ही तळ समजत होतात तीच डोकं निघते. काहीतरी दिसायला लागेल : खांदा, पक्ष्याची मान, वाकलेलं झाड, कशाचंच नाव नसलेला एखादा फुगवटा. जे दिसलं त्याला फक्त एक धक्का द्या. एकच. खांदा दिसला तर तो थोडा वर उचला आणि पुन्हा बघा. शिल्प पुढचं सांगतं, असं ऐकायला गूढ वाटतं, पण त्यात गूढ काही नाही. खांदा उचलला की मान तिरकी वाटू लागते, मान सरळ केली की पाठ जड वाटते. प्रत्येक बदलाने पुढचा प्रश्न पडतो, त्याचं उत्तर हाताने द्यायचं.

घाई होते ती चेहऱ्याची. गोळ्याला दोन खळगे पडले की आपल्याला डोळे दिसतात आणि लगेच नाक, तोंड, भुवया सुरू होतात. तिथून पुढे शिल्प थांबतं आणि चित्र सुरू होतं. माझा नियम आहे की पहिल्या तासात डोळे काढायचे नाहीत. शिल्पकार हिंमत शाह (१९३३–२०२५) यांनी घडवलेल्या मातीच्या आणि ब्रॉंझच्या डोक्यांची छायाचित्रं शोधून बघा. चेहऱ्याचे तपशील जवळजवळ नसतात, तरी समोर कुणीतरी आहे असं वाटतं, कारण वजन आणि कल नेमका असतो.

याहून जवळचं उदाहरण पुणे जिल्ह्यातलं आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळातल्या एका घराच्या जमिनीखाली मातीची डबी मिळाली. तीत डोकं नसलेली एक स्त्रीमूर्ती होती, सोबत मातीचा बैल. मूर्ती काही चिमटींत घडलेली, भाजलेलीही नाही. तरी तीन हजारांहून अधिक वर्षांनी ती स्त्री आहे हे विचारावं लागत नाही. माझ्या टेबलासमोर तिचं छायाचित्र लावलेलं आहे. डोळे कोरायची इच्छा झाली की तिच्याकडे बघते.

थांबायचं कधी, हा नवख्यांचा नेहमीचा प्रश्न. मला सापडलेली खूण अशी : तुम्ही पृष्ठभाग गुळगुळीत करायला लागलात की घडवणं संपलं आहे. ओल्या बोटाने सारखं पुसत राहिलात तर बोटांचे ठसे, चिमटींच्या कडा, जे जे जिवंत आहे ते सगळं निघून जातं, वर पाणीही जास्त होतं. त्या क्षणी पिशवी घाला आणि उठा.

मोबाइलवर एक छायाचित्र काढून ठेवा. सुधारणेसाठी नाही, उद्या शिल्प थोडं बसलेलं असेल, आणि बसण्याआधी ते कसं होतं हे तुम्हाला आठवणार नाही.

६. ओलावा ओळखणं

इथे सगळ्यात जास्त कामं वाया जातात, म्हणून जरा थांबून वाचा.

ओली माती : वाकते, ओढली जाते, वजन पेलत नाही. पारी आणि चिमटीचं काम आत्ताच.

लेदरहार्ड : चामड्यासारखी. नखाने रेघ ओढता येते, पण अंगठा रुतत नाही. उचलली तरी आकार बदलत नाही. पोकळ करणं, जोडणं, कोरणं, घासून चकाकी आणणं, सगळं इथे. चिरलेल्या चीजसारखी माती लूपमधून सुटते तेव्हा वेळ बरोबर आहे.

बोन ड्राय : रंग फिकट, हाताला खडूसारखी. आता काही करायचं नाही. एवढ्याशा धक्क्याने बोट तुटतं.

पूर्ण वाळलंय का हे ठरवायला शिल्प गालाला लावा. गार लागलं तर आत अजून पाणी आहे. हाताच्या तळव्यापेक्षा गालाला हे जास्त कळतं. मी आजही प्रत्येक काम भट्टीत द्यायच्या आधी गालाला लावून बघते.

७. जोड

नियम एकच : दोन्ही तुकडे सारखेच ओले हवेत. ओला हात वाळलेल्या खांद्याला लावलात तर ओला भाग जास्त आकसतो आणि सांधा सुटतो. आज नाही सुटला तर भट्टीत सुटतो.

दोन्ही बाजूंना काट्याने आडव्या-उभ्या रेघा ओढा. त्याच मातीची दह्यासारखी स्लिप लावा. स्लिपमध्ये पाण्याऐवजी साधं व्हिनेगर घातलं तर जोड अधिक घट्ट बसतो असा माझा अनुभव आहे. तुकडा ठेवा, दाबताना किंचित हलवा, म्हणजे मधली हवा निघून दोन्ही बाजू एकमेकींत रुततात. मग सांध्याभोवती एक बारीक वळी लावून ती दोन्हीकडे ओढा. जोड झाल्यावर पूर्ण शिल्प पिशवीत एक रात्र ठेवा. सगळीकडचा ओलावा सारखा होतो.

८. पोकळ करणं

पहिल्या वर्षी मी एक बैल केला. पोळ्याला मातीच्या बैलांची पूजा करणाऱ्या घरातली मी, त्यामुळे त्याच्यावर फार जीव होता. वशिंड, खाली घातलेली मान, पाय दुमडून बसलेला. भरीव होता, मधे सात-आठ सेंटिमीटर जाड. दहा दिवस वाळवला, बाहेरून खडखडीत होता. एका स्टुडिओच्या भट्टीत दिला. दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली तेव्हा त्याचं एक शिंग ओळखू आलं, बाकी नखाएवढे तुकडे, आणि ते शेजारच्या तीन जणांच्या कामांवर जाऊन आदळलेले. एका काकूंचा पक्षी त्यात मोडला. त्यांनी तो चार महिने लावून केला होता. मला फार वाईट वाटलं, आणि त्या दिवसापासून मी जाड काम पोकळ केल्याशिवाय देत नाही.

कारण समजून घ्या. लोक सांगतात की हवेच्या बुडबुड्यामुळे फुटतं. हवेमुळे फुटत नाही, पाण्यामुळे फुटतं. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सतराशे पट जागा मागते. भिंत जाड असली की आतलं पाणी बाहेर यायला वाट नसते. भिंत पातळ असेल आणि पूर्ण वाळलेली असेल तर आतली पोकळी कितीही मोठी असो, काही होत नाही.

कृती अशी. शिल्प लेदरहार्ड झालं की तारेने दोन भाग करा, शक्यतो जिथे सांधा दिसणार नाही तिथून. लूपने आतली माती काढा, भिंत एक ते दीड सेंटिमीटर ठेवा. सुईने अधूनमधून टोचून जाडी मोजा. मग रेघा, स्लिप, जोड. शेवटी तळाला किंवा नजरेत न येणाऱ्या जागी पेन्सिलीएवढं भोक पाडा, म्हणजे आतल्या हवेला आणि वाफेला बाहेर पडता येईल.

पायाखालच्या बाजूने थेट कोरता येत असेल तर कापायचीही गरज नाही. आणि पारीच्या किंवा वळीच्या रीतीने पहिल्यापासून पोकळच घडवलंत तर हा सगळा त्रास वाचतो. आतून आधार म्हणून वर्तमानपत्राचा बोळा ठेवा, तो भट्टीत जळून जातो. तार किंवा लोखंडी सळई मात्र आत ठेवू नका. माती आकसते, लोखंड आकसत नाही, आणि भेग ठरलेली.

हवाईत जन्मलेल्या तोशिको ताकाएझू (१९२२–२०११) बंद भांडी करायच्या, वर फक्त टाचणीएवढं भोक. बंद करण्याआधी त्या कागदात गुंडाळलेला मातीचा मणी आत टाकायच्या. कागद जळून जायचा, मणी सुटा व्हायचा आणि भांडं हलवलं की आतून वाजायचं. हे वाचल्यापासून मीही अधूनमधून एखाद्या शिल्पाच्या पोटात मणी ठेवते. कुणाला सांगत नाही. उचलणाऱ्याला कळतं.

९. वाळवणं

घाई करू नका, आणि सगळीकडे सारखं वाळू द्या. कान, बोटं, शिंगं लवकर वाळतात, धड मागे राहतं, आणि दोघांच्या ओढाताणीत मान चिरते. म्हणून बारीक भागांना पिशवीचे तुकडे गुंडाळा आणि धड उघडं ठेवा. तळाखाली वर्तमानपत्र किंवा जाळी ठेवा, म्हणजे आकसताना तळ सरकू शकतो.

पुण्यात एप्रिलमध्ये उघडं ठेवलेलं काम एका दुपारीत कडेने वाळतं. तेव्हा आठवडाभर सैल पिशवीत ठेवावं लागतं. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये उलट, तीन आठवडे झाले तरी गाल गार. पंख्याखाली, उन्हात, गॅसच्या शेजारी ठेवू नका. पावसाळ्यात मी शेवटचे दोन दिवस बंद कपाटात विजेच्या दिव्याजवळ ठेवते, पण आधीचे पंधरा दिवस संयमच.

आकसण्याचा हिशेब ठेवा. स्टोनवेअर ओल्यापासून भाजेपर्यंत साधारण दहा-बारा टक्के आकसतं. तीस सेंटिमीटरची आकृती सव्वीस-सत्तावीसची होते.

१०. भट्टी

घरात भट्टी घ्यायची गरज नाही. पुण्या-मुंबईत आणि आता नाशिक, नागपूर, कोल्हापूरसारख्या शहरांतही स्टुडिओ पैसे घेऊन बाहेरचं काम भाजून देतात. काम नेण्याआधी फोन करून या गोष्टी विचारा :

- बिस्क (पहिली भाजणी) किती अंशांना करता? ग्लेझ (काचेसारखा लेप लावून केलेली दुसरी भाजणी) किती अंशांना?
- भट्टीच्या आत उंची-रुंदी किती? आधी विचारलं नाही तर शिल्पाची मान कापायची वेळ येते.
- पैसे आकारमानावर घेता की वजनावर?
- दुसरीकडची माती चालते का? काही जण स्वतः विकलेलीच माती घेतात, आणि ते बरोबर आहे. कमी तापमानाची माती १२४० अंशांत वितळून त्यांच्या फळीवर पसरते.

सोबत एक चिठ्ठी द्या : मातीचा प्रकार, किती तापमानाची, जास्तीत जास्त जाडी, पोकळ आहे का, कधी घडवलं. माझ्या बैलासोबत अशी चिठ्ठी असती तर भट्टी लावणाऱ्याने तो बाजूला ठेवला असता.

आत काय होतं तेही माहीत असू द्या. शंभर अंशांपर्यंत उरलंसुरलं पाणी जातं. शिल्पासाठी हा टप्पा मुद्दाम सावकाश घ्यायला सांगा, ८०–९० अंशांवर काही तास थांबायला सांगा. साधारण ३५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांतच बांधलेलं पाणी सुटतं. इथून पुढे माती परत चिखल होत नाही. ५७३ अंशांना मातीतला क्वार्ट्झ (गारेचे बारीक कण) एकदम फुगतो आणि थंड होताना त्याच ठिकाणी आकसतो, म्हणून गरम करताना आणि थंड होतानाही इथे घाई चालत नाही. बिस्क बहुधा ९५० ते १००० अंशांना पूर्ण होतं. भट्टी शंभरच्या खाली येईपर्यंत उघडायची नाही, कुणी कितीही आतुर असो.

जवळ कुंभारवाडा असेल तर एकदा आवा, म्हणजे कुंभारांची उघडी भट्टी, लावताना बघायला जा. उघड्या आव्यात तापमान कमी असतं आणि सगळीकडे सारखं नसतं, त्यामुळे नाजूक शिल्प तिथे देऊ नका. पण लहान, चांगल्या पोकळ टेराकोटा कामांवर धुराचे जे काळे-केशरी डाग येतात ते विजेच्या भट्टीत मिळत नाहीत. विचारून, त्यांच्या सोयीने, त्यांचा मोबदला देऊन जा.

११. पृष्ठभाग

शिल्पाला ग्लेझ लागतोच असं नाही. जाड काचेसारख्या थराखाली बोटांचे ठसे बुजतात. मी बहुतेक वेळा गेरू वापरते : बिस्कनंतर गेरूचं पातळ पाणी सगळीकडे लावायचं आणि ओल्या स्पंजने पुसायचं. खळग्यात गेरू राहतो, उंचवटे उघडे होतात, आणि केलेली प्रत्येक चिमटी दिसायला लागते. मग, माती स्टोनवेअरची असेल तर, त्या तापमानाला पुन्हा भाजायचं.

लाल माती लेदरहार्ड असताना गुळगुळीत गोट्याने किंवा चमच्याच्या पाठीने घासली तर मंद चकाकी येते. ती फक्त कमी तापमानात टिकते, जास्त भाजलं की जाते.

ग्लेझ लावलात तर तळ आणि तळापासून तीन-चार मिलिमीटर वरचा भाग पुसून कोरडा ठेवा, नाहीतर शिल्प भट्टीच्या फळीला कायमचं चिकटेल. मॅंगनीज, कोबाल्ट यांसारखे ऑक्साइड कोरडे हाताळताना मास्क आणि हातमोजे घाला.

१२. मोडलं, चिरलं तर

भाजायच्या आधी मोडलं आणि तुकडा लहान असेल तर बोन ड्राय अवस्थेत व्हिनेगरची स्लिप लावून कधी कधी जुळतं, पण भरवसा नाही. मोठा भाग असेल तर सगळं बादलीत टाका. पूर्ण वाळलेली माती पाण्यात पटकन विरघळते, अर्धवट ओली विरघळत नाही. म्हणून टाकण्याआधी पूर्ण वाळवा.

भाजल्यानंतर मोडलं तर एपॉक्सीने जोडा. पहिल्या बाईचा, त्या गुडघे पोटाशी घेतलेल्या बाईचा, डावा पाय घर बदलताना तुटला. जोडला आहे, सांधा दिसतो. ती खिडकीत बसते आणि संध्याकाळी ऊन बरोबर त्या पाठीच्या बाकावर येतं.

पहिलं काम भट्टीत गेलं की ते परत मिळेपर्यंत आठ-दहा दिवस जातात. त्या दिवसांत बादलीतली माती गाळून धोतरावर पसरा, मळा, आणि पिशवीत बांधून ठेवा. पुढचा गोळा तयार असू द्या.